वायरलेस चार्जरमुळे स्पीकरमध्ये टिकटिक येते? या चुका टाळा

स्पीकरमधून टिकटिक किंवा खरखर यायला लागली की बहुतेक जण आधी केबल बदलतात. ती घाई करू नका. त्रास हवेतून शिरतोय की तारेतून, हे आधी शोधा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चार्जर भिंतीवरच्या सॉकेटऐवजी पॉवर बँकेवर चालवून बघा (पॉवर बँक स्वतः चार्जिंगला लावलेली नको). आवाज थांबला, तर गडबड अॅडॉप्टरमधून किंवा अर्थिंगच्या वाटेने येत होती. तसाच राहिला, तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. आता थांबला तर त्रास फोनच्या रेडिओचा. तरीही चालूच असेल, तर चार्जरच्या कॉइलचं (आतल्या तारेच्या वेटोळ्याचं) चुंबकीय क्षेत्र थेट केबलमध्ये किंवा प्रीअॅम्पमध्ये (बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात) घुसतंय.

नुसता फोन उचलून निष्कर्ष काढू नका. रिकामा चार्जरही वर काही ठेवलंय का हे चाचपायला ठरावीक वेळाने कॉइल क्षणभर चालू करतो. त्याचा प्लगच काढायला हवा.

‘क्यूआय (वायरलेस चार्जिंगचं प्रचलित मानक) चार्जर साधारण 100 ते 205 किलोहर्ट्झवर चालतो, कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ, मग ऐकू येईलच कसं?’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो अपुरा आहे. किती वीज हवी हे फोन चार्जरला चार्जिंगच्या त्याच लहरीचा जोर कमीजास्त करून कळवतो, सेकंदाला 2000 बिट या वेगाने. हा चढउतार कानाच्या टप्प्यात येतो. प्रीअॅम्पच्या पहिल्या ट्रान्झिस्टरने तो लहरीपासून वेगळा केला की पुढे आवाज म्हणून वाढतच जातो. म्हणूनच टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि सिंगल-कॉइल पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या एकाच वेटोळ्याच्या) गिटारला सर्वाधिक जपावं लागतं. टर्नटेबलच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाच्या एका प्रकाराचा) सिग्नल जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट असतो, लाइन सिग्नल (एका ऑडिओ उपकरणातून दुसऱ्यात जाणारा नेहमीचा सिग्नल) त्याच्या शेकडो पट.

कॉइलपासून थोडं दूर गेलं की अंतर दुप्पट होताच क्षेत्र साधारण एक अष्टमांश उरतं. त्यामुळे चार्जर दोन-तीन फूट सरकवणं हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय. हलवणं शक्य नसेल तर बॅलन्स्ड केबल वापरा. तिच्या पिळलेल्या दोन तारांत सारखाच गोंगाट शिरतो आणि इनपुटवर तो वजा होतो. केबलवर एखादी फेराइट क्लिप (केबलभोवती बसणारा चुंबकीय पदार्थाचा तुकडा) अडकवून इथे फारसं साधत नाही, ती मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला जास्त उपयोगी.

आणि गुणगुण घालवण्यासाठी अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. आत बिघाड झाला तर धातूच्या कॅबिनेटमध्ये वीज उतरून जिवावर बेतू शकतं.