शाईपेन गळतंय? आधी गळती कुठून ते शोधा

एप्रिलमध्ये घरात नीट चालणारं पेन खिशाला लावून बाहेर पडावं आणि नवी पेठ येईपर्यंत सदऱ्यावर रुपयाएवढा निळा डाग उमटावा, हे सोलापूरच्या शाईपेनवाल्यांना नवं नाही. मग पेन बिघडलं म्हणून ते ड्रॉवरच्या तळाशी जातं. खरं तर बहुतेक वेळा तुटलेलं काहीच नसतं. शाई कुठून आणि कोणत्या वेळी बाहेर येते हे कळलं की घरच्या घरी काम होतं.

म्हणून लगेच काही खोलू नका. पेन बाहेरून पुसून कोरडं करा आणि नेहमीची शाई भरा. नुसत्या पाण्यावर तपासू नका. शाईचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे शाई जिथून पाझरते तिथून पाणी पाझरेलच असं नाही. टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या तीन ठिकाणी गुंडाळा: टाकी आणि पकड (बोटांनी धरायचा पुढचा भाग) जुळतात त्या सांध्यावर, निब पकडीत शिरते तिथं आणि टाकीच्या बुडाला. पेन अर्धा तास निब वर करून ग्लासात उभं ठेवा, मग अर्धा तास आडवं, शेवटी निब खाली. कोणती पट्टी आधी निळी होते, त्यावर पुढचं काम ठरतं.

सांध्याची पट्टी भिजली तर उपाय सगळ्यात सोपा. ड्रॉपरनं थेट टाकीत शाई भरायच्या पेनांत शाई अडवायला फक्त आटेच असतात. ते कोरड्या ब्रशनं साफ करा आणि मधल्या दोन-तीन आट्यांवर मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस गोल फिरवून लावा. शाईकडच्या टोकाचा आटा मोकळा सोडा. जास्त लावलेलं ग्रीस टाकीत उतरतं, तिथून फीडमध्ये, म्हणजे निबेखालच्या काळ्या जिभेत, जातं आणि पेन लिहायचंच थांबतं. हे ग्रीस घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं, घड्याळाच्या रबरी रिंगांना ते लावतात. व्हॅसलीन मात्र नको, पेनातलं रबर त्यानं फुगून सैल पडतं. आटे झिजले असतील तर पकडीच्या मुळाशी १ मिमी जाडीची ओ-रिंग बसवा. सोलापुरात यंत्रमागाचे आणि पंपाचे सुटे भाग मिळतात त्या दुकानांत अशा रिंगा असतात. पेन सोबत न्या आणि रिंग घालूनच बघा. ती थोडी ताणून बसली पाहिजे. नळाची टेफलॉन टेपही चालते, पण एकच वेढा. दोन-तीन वेढे देऊन जोरानं आवळलं की टाकीचं तोंड तडकतं, आणि ती चीर मग भरून येत नाही.

आता उन्हाचं. निब खाली असताना अधूनमधून टपकन थेंब पडत असेल आणि सांधा कोरडा असेल, तर दोष टाकीतल्या हवेचा आहे. हिशेब करून बघा. टाकीत २ मिली हवा आहे आणि ती २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली, तर ती साधारण ०.११ मिली फुगते. शाईचा थेंब सुमारे ०.०५ मिलीचा, म्हणजे दोन थेंबांना बाहेर पडावंच लागतं. फीडच्या खाचा थोडी शाई धरतात, बाकीची कागदावर येते. शाई जितकी कमी तितकी हवा जास्त, म्हणून अर्ध्यावर आलेली टाकी लगेच भरा. पेन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, आणि उन्हातून आल्यावर निब वर धरूनच टोपण काढा, म्हणजे फुगलेली हवा शाई न ढकलता निघून जाते. डिसेंबरच्या सकाळी हेच उलट्या बाजूनं घडतं: गार पेन गरम मुठीत आलं की चार ओळींनंतर ओकतं. फार त्रास होत असेल तर कन्व्हर्टरचं, म्हणजे दट्ट्यानं शाई ओढून घेणारी छोटी नळी आत बसवलेलं, पेन वापरा. त्यात मुळात ०.७ मिलीच्या आसपासच जागा असते, त्यामुळे फुगवटा एका थेंबाच्याही आत राहतो.

निबेच्या बुडाशी ओल येत असेल तर पेन खिडकीकडे धरून आडवं बघा. निब आणि फीड यांच्यामधून उजेड दिसला तर तीच फट आहे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब आणि फीड दोन्ही एकत्र पकडा आणि न पिळता सरळ ओढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यानं करा. बोअरच्या पाण्यातला क्षार फीडच्या खाचांत साचतो. परत बसवताना दोन्ही पूर्ण आत गेले पाहिजेत. फट तरीही राहिली आणि फीड एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, असेल (घासल्यावर गंधकासारखा वास येतो), तर निब-फीडचं फक्त टोक उकळी उतरलेल्या पाण्यात २० सेकंद धरा, फडक्यातून अंगठ्यानं फीड निबेवर दाबा आणि गार पाण्यात बुडवा. प्लॅस्टिकच्या फीडवर हा प्रयोग करू नका. एबोनाइटची पकडही गरम पाण्यापासून लांब ठेवा, तिचा काळा रंग शेवाळी पडतो.

कन्व्हर्टरचं तोंड सैल झालं असेल तर तो बदलाच, चिकटवू नका. दट्ट्याच्या मागं शाई जात असेल तर सुईच्या टोकावर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं.

टाकीला चीर असेल तर पूर्ण धुऊन, एक दिवस वाळवून, बाहेरून सुईनं सुपरग्लू ओढा आणि रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिक पांढुरकं होतं. ही डागडुजी आहे, कायमची दुरुस्ती नव्हे.

आणि टोपणात शाई दिसली म्हणजे पेन गळतंच असं धरू नका. घट्ट टोपण झटक्यानं ओढलं की आत पोकळी होते आणि निबेतून शाई खेचली जाते. सावकाश काढून आठवडाभर बघा.

काम झालं की टोपणाची आतली बाजू पुसा, टोपण लावा आणि पेन रात्रभर निब खाली करून ग्लासात ठेवा. सकाळी टिश्यूची वळकटी टोपणात फिरवून बघा. ती पांढरी निघाली तरच पेन खिशाला लावा.