ऑलराइट म्हणजे आपलं ‘बरं’

दिवाळीत औशाला गेलो होतो तेव्हा गल्लीतली तीन लेकरं भेटायला आली. दोघं शिकायला आणि एक पोरगी नर्सच्या नोकरीवर, तिघंही इंग्लंडला निघालेली. भाडं, बँक, थंडी सगळं विचारून झाल्यावर पोरीनं हळूच विचारलं, “काका, तिथलं बोलणं समजंल का?” समजंल. पण ‘ऑलराइट’ या एका शब्दाची ओळख इथूनच करून जा. लीड्सला चौदा वर्षं राहून सांगतोय.

पहिल्याच सकाळी कुणीतरी चालता चालता म्हणेल, “यू ऑलराइट?” नवख्याला वाटतं, आपला चेहरा उतरलाय की काय! तसं काही नसतं. आपल्याकडं वेशीत भेटलेला माणूस “कवा आलास?” विचारतो, तेव्हा त्याला काय एसटीची वेळ नको असते. तसंच हे. “ऑलराइट” एवढंच उत्तर द्यायचं आणि पुढं व्हायचं. दुकानातली बाई “आर यू ऑलराइट देअर?” म्हणाली, तर ती काय पाहिजे ते विचारतेय.

आपलं ‘बरं’ आठवा, म्हणजे हा शब्द लवकर कळेल. “बरं, येतो” म्हणजे निरोप, “बरं झालं आलास” म्हणजे आनंद. भाजी ‘बरी’ झालीय म्हटलं की करणाऱ्याचं तोंड पडतं. तुमच्या कामाला साहेब नुसतं “इट्स ऑलराइट” म्हणाले तर तेही तसंच, चालेल इतपत. काय सुधारू ते विचारून घ्या. मात्र तुम्ही सॉरी म्हटल्यावर “दॅट्स ऑलराइट” आलं, तर मनात काही ठेवलेलं नाही. अर्जात किंवा औपचारिक पत्रात ‘ऑल राइट’ असे दोन सुटे शब्द लिहा. जोडून लिहिलेलं अजून पुष्कळांना खटकतं.

मला सगळ्यात जड गेला तो याचा नकार. आपल्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कुणाच्याही शेतात जा, “नको, झालंय जेवण” म्हटलं तरी पानात भज्जी पडते, हातात आंबिलाचा पेला येतो. नको म्हणायचं आणि समोरच्यानं आग्रह करायचा, ही आपली रीत. पहिल्या महिन्यात संध्याकाळी मुसळधार पाऊस होता. सोबत कामाला असलेल्या एकानं गाडीची काच खाली करून विचारलं, “घरी सोडू का?” मी म्हणालो, “आय ॲम ऑलराइट.” तो पुन्हा विचारील म्हणून तिथंच थांबलो. त्यानं हात हलवला आणि गाडी गेली. भिजत घरी आलो, आणि दोन आठवडे त्याच्यावर मनातून रुसून होतो. त्याच्या हिशेबी मी स्पष्ट ‘नको’ म्हणालो होतो आणि त्यानं माझा शब्द पाळला होता. तिथं बहुतेकदा एकदाच विचारतात. हवं असेल तर पहिल्याच वेळेला “येस, प्लीज” म्हणा.

दवाखान्यात तर हा शब्द तोंडातून काढूच नका. डॉक्टरांनी “ऑलराइट?” म्हटलं की आपली सवय, मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा म्हणून “ऑलराइट” म्हणून मोकळं व्हायचं. ते तसंच लिहून घेतील. कुठं दुखतंय, किती दिवस, दहापैकी किती, हे सांगा. दवाखाना बंद असेल आणि सल्ला हवा असेल तर 111 लावा. जिवावरचं असेल तर 999.

पुन्हा त्या पाऊसवाल्या सोबत्याकडं येतो. माझे वडील गेले तेव्हा मला वेळेत औशाला पोचता आलं नाही. परत कामावर आलो त्या दिवशी तो जवळून जाताना म्हणाला, “ऑलराइट?” मी सवयीनं “ऑलराइट” म्हणालो. दोन पावलं पुढं जाऊन तो वळला, खुर्ची ओढून बसला आणि ‘आर’वर जोर देऊन पुन्हा विचारलं, “आर यू ऑलराइट?” मी म्हणालो, “नाही.” मग अर्धा तास तो माझ्या वडिलांबद्दल ऐकत बसला.