पापातून सुटका झाली, तरी पुन्हा तेच का घडतं? या चुका टाळा

"मनापासून प्रार्थना केली, रडलो, पापं कबूल केली, आठवडाभरात पुन्हा तेच. मग माझं तारण झालंच नाही का?" ख्रिस्ती विश्वासात नव्यानं आलेली माणसं हे हमखास विचारतात. (तारण म्हणजे पापातून सुटका.) जुनी माणसंही विचारतात, फक्त हळू आवाजात. माझ्या मते बऱ्याच जणांचं एकाच ठिकाणी अडतं: सुटका झाली की ओढही संपणार, असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं.

बायबलमध्ये तसं वचन कुठेच नाही. रोमकरांस पत्रात (६:१४) प्रेषित पौल म्हणतो की पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही. सत्ता जाते, मोह मात्र येतच राहतो. येशूचीही रानात ४० दिवस परीक्षा झाली, आणि तरी इब्री लोकांस पत्र (४:१५) त्याला निष्पाप म्हणतं. त्यामुळे नुसता मोह झाला म्हणजे पाप घडलंच, असं समजू नका. 'पडलोच आहे, तर आता काय राहिलं' हा विचारच घात करतो. दोष एका क्षणात माफ होतो, सवयी सुटायला वर्षं जातात. प्रोटेस्टंट शिकवणुकीत पहिल्याला नीतिमान ठरणं म्हणतात, दुसऱ्याला पवित्रीकरण.

रडण्यालाच पश्चात्ताप समजणं ही त्याहून फसवी चूक. पैसे घेऊन येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा, त्याचं पाहा. त्याला पस्तावा झाला, त्यानं चांदीची ३० नाणी परत केली, 'मी पाप केलं' असंही म्हणाला. पण म्हणाला कुणापुढे? ज्यांनी त्याला पैसे दिले होते त्या याजकांपुढे. 'त्याचं आम्हाला काय?' म्हणून त्यांनी हात झटकले, आणि त्यानं गळफास घेतला. दुसरा शिष्य पेत्र. येशूला पकडलं त्याच रात्री त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं, तोही रडला. पण बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे समुद्रकाठी, कोळशाच्या विस्तवापाशी, येशूनं त्यालाही तीनदाच विचारलं, 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' अपराधी वाटू लागलं की माणूस आधी उपासना चुकवतो, मग मंडळीतल्यांचे फोन घेत नाही. नेमकं तेच करू नका.

कबुली मोघम नको. 'प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर' या एका वाक्यात फार काही लपतं. काय केलं, कुणाचं नुकसान केलं, ते स्पष्ट बोला. जक्कय नावाचा जकातदार लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झाला. कुणाचे पैसे खाल्ले असतील तर ते फेडल्याशिवाय विषय मिटत नाही. याकोबाचं पत्र (५:१६) एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगतं. कॅथलिकांना त्यासाठी धर्मगुरू आहेत आणि ऐकलेलं बाहेर न काढण्याचं त्यांच्यावर बंधन आहे. इतरांनी माणूस पारखून घ्यावा. (प्रार्थनासभेत साक्ष देता देता दुसऱ्याचंच पाप चव्हाट्यावर आणणाऱ्यांनी गप्प बसलेलं बरं.)

कृपा आहे म्हणून खुशाल पाप करावं का? 'कधीच नाही,' असं पौलानं रोमकरांस पत्राच्या त्याच सहाव्या अध्यायात सांगून टाकलंय. मला उलट्या टोकाचे लोक जास्त दिसतात: सवय सुटावी म्हणून उपासावर उपास, अध्यायांचा रोजचा कोटा, चुकलं की स्वतःला शिक्षा. नियम वाढतात, सवय जागची हलत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय १२) माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा त्याचं जुनं घर, म्हणजे तो माणूस, झाडलेलं असतं, पण रिकामं असतं. रात्री फोन हातात आला की घसरत असाल, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्या वेळेला दुसरं काहीतरी नेमून घ्या.

प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन लूथर १५०५ मध्ये मठात गेला. तासन्‌तास कबुली द्यायचा, तरी मन शांत होईना. माफ झालेलंच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटत असेल, तर आणखी एका कबुलीनं काही साधत नाही. एकाच जाणत्या पाळकांना धरा आणि त्यांनी 'झालं' म्हटलं की तो विषय पुन्हा काढू नका. तरीही विचार थांबत नसतील तर डॉक्टरांना भेटा. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. दारूचं व्यसन असेल तर आधीच भेटा. रोज पिणाऱ्यानं प्रार्थनेच्या भरात एकदम दारू बंद केली आणि हात थरथरू लागले, भास होऊ लागले, तर ते जिवावर बेतू शकतं. प्रार्थना चालू ठेवा, पण त्याला लगेच दवाखान्यात न्या.