अवजार बँक सुरू करण्यापूर्वीची तयारी

पुणे जिल्ह्यात शेती अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र येत्या खरिपापूर्वी उभे करू पाहणाऱ्या शेतकरी गटांसाठी ही यादी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे, आणि एवढ्या जमिनीवर स्वतःचा ट्रॅक्टर व रोटाव्हेटर घेऊन हप्ते फेडणे बहुतेकांना झेपत नाही. अवजारांची बाजारपेठ खऱ्या अर्थाने वाढायची असेल, तर ती भाडे आणि दुरुस्ती यांच्याच आधाराने वाढेल, असे माझे ठाम मत आहे.

खरेदीचा विचार करण्याआधी आसपासच्या दहा-बारा गावांत फिरून कोणते पीक किती एकर आहे आणि त्याचे काम किती दिवसांत उरकावे लागते, हे लिहून काढावे. मावळ-मुळशीच्या भातखाचरांत पॉवर टिलर चालतो, इंदापूर-बारामतीकडे उसाच्या पाचटाची, म्हणजे वाळलेल्या पाल्याची, कुट्टी करण्याला मागणी असते, तर खेड-आंबेगावात बटाट्याची लागवड आणि काढणी महत्त्वाची. त्यामुळे दुसऱ्या तालुक्याची यादी उचलून आणू नये. पाऊस पडून वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आला की सगळ्यांना पेरणी एकाच वेळी हवी असते, म्हणून यंत्रांची संख्या वर्षभराच्या कामावरून न ठरवता त्या चार-पाच दिवसांवरून ठरवावी. खुरपणी आणि कोळपणी ज्यांच्या हातून होते, त्या बायकांना विचारल्याशिवाय कोळपे घेऊ नये. त्याची मूठ त्यांच्या उंचीला बसते का, हे त्याच सांगू शकतात.

मोशीला डिसेंबरमध्ये भरणाऱ्या किसान प्रदर्शनात यंत्रे अवश्य पाहावीत, पण खरेदीचा निर्णय आपल्या मातीत चालवून पाहिल्यावरच घ्यावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. ती भीती शेतात फाळ चालल्यावरच जाते, आणि आजच्या नव्या यंत्राबाबतही तेच खरे आहे.

अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करावा, मात्र पूर्वसंमतीपत्र हाती येण्याआधी खरेदी करू नये, आणि अनुदान मागाहून खात्यावर येते हे धरून पूर्ण रकमेची सोय आधीच करावी.

सुट्या भागांची तयारी मी सर्वांत वर ठेवतो. गेल्या खरिपात आमच्या गटाच्या पेरणी यंत्राची साखळी ऐन पेरणीत तुटली. ज्या विक्रेत्याकडून यंत्र घेतले, त्याच्याकडे ती नव्हती, म्हणून भोसरीपर्यंत शोधाशोध करण्यात दोन दिवस गेले आणि तोवर वाफसा गेला. तेव्हापासून साखळी, बेअरिंग, नटबोल्ट, पट्टे आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचा एक पूर्ण संच केंद्रात असल्याशिवाय आम्ही हंगाम सुरू करत नाही. गावातलाच एखादा फिटर किंवा वेल्डिंगवाला आधी गाठून त्याला यंत्र उघडून दाखवावे.

पेरणी यंत्र शेतात नेण्यापूर्वी बियाण्याचे प्रमाण अंगणातच तपासावे. यंत्र जॅकवर उचलून प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी, पेटीत बी भरावे आणि चाक हाताने वीस वेळा फिरवावे. चाकाचा परीघ दीड मीटर आणि पेरणीची रुंदी दोन मीटर असेल, तर हे साठ चौरस मीटरचे काम झाले. एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर, तेव्हा पिशव्यांतले एकूण बी ४५० ग्रॅम भरले, तर एकरी साधारण ३० किलो पडेल, आणि सोयाबीनला तेवढेच हवे. एखाद्या पिशवीत बी कमी दिसल्यास ती नळी तुंबलेली असते. हे शेतात उगवण झाल्यावर कळले, तर उपयोग नाही.

भाडे तासावर घ्यायचे की एकरावर, हे आधीच ठरवून फळ्यावर लिहावे. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळणांतच बराच वेळ जातो, तेव्हा तिथे तासाचा हिशेब न्याय्य ठरतो. नोंदवहीत नाव, जमिनीचा गट क्रमांक, तास आणि डिझेल यांचे रकाने असावेत.

चालकांना पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या, दांड्यावरचे झाकण काढून काम करण्यास सक्त मनाई करावी आणि मळणी यंत्राजवळ उपरणे, पदर किंवा सैल बाही येऊ देऊ नये. मे अखेरीपर्यंत पत्र्याची शेड पूर्ण करावी, सर्व यंत्रांना ग्रीस भरून ती एकदा चालवून पाहावीत आणि पहिल्या पंधरा दिवसांची नोंदणी घेऊन ठेवावी.