ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा निधी कापला जात असेल तर काय करावं?

ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेवरचा खर्च कमी होतो तेव्हा त्याची घोषणा क्वचितच होते. घरी येणारी परिचारिका येईनाशी होते, फिजिओथेरपीचे दिवस कमी होतात, औषधाच्या खिडकीवर 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं जातं. वयस्कर माणूस दोनदा हेलपाटा घालतो आणि तिसऱ्यांदा जातच नाही. म्हणून कपात शोधून निधी परत मागण्याचं काम त्याच्या एकट्यावर सोडून चालत नाही. शेजारी, मुलं-सुना, डॉक्टर, कार्यकर्ते अशा सगळ्यांनी मिळून ते करायचं आहे.

आधी कपात शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'निधी कमी झाला' एवढंच म्हणत गेलात तर समोरचा अधिकारी वाढलेला आकडा दाखवून तुम्हाला परत पाठवेल.

अंदाजपत्रकात एकाच योजनेचे तीन आकडे सापडतात : वर्षाच्या सुरुवातीची तरतूद, मधल्या काळातला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा एक-दोन वर्षं मागचा असतो, तरी तोच सगळ्यात बोलका. तरतूद भरघोस दाखवायची, सुधारित अंदाजात ती गुपचूप उतरवायची आणि खर्च त्याहूनही कमी करायचा, हीसुद्धा कपातच आहे. निदान तीन-चार वर्षांचे हे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा.

आकडा जसाच्या तसा राहिला तरी फसू नका. गेल्या वर्षी १०० होते आणि यंदाही १०० आहेत असं धरा. महागाई ६ टक्के असेल, तर या १०० ची खरी किंमत ९४ च्या आसपास उरते. त्यात ज्येष्ठांची संख्या ३ टक्क्यांनी वाढली असेल, तर माणशी हिशेब ९२ च्याही खाली जातो. कागदावर एक पैसा न कापता ८ टक्क्यांहून जास्त कपात झाली. हा हिशेब पाठ करून ठेवा, प्रत्येक बैठकीत उपयोगी पडतो.

रिक्त पदंही पाहा. पद मंजूर असतं, पण भरलेलं नसतं, आणि त्याचा पगार वाचलेला असतो. आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शंभराहून जास्त देशांत असा कायदा आहे. अर्जात 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. योजना, वर्ष आणि हवा असलेला आकडा यांचा नेमका उल्लेख करा.

माणसांचे अनुभव नोंदवा

आकड्याला चेहरा लागतो. पण अनुभव दुसऱ्याचा आहे, तेव्हा आधी त्याची संमती घ्या. नाव द्यायचं की नाही, फोटो चालेल का, हे त्याला विचारा. स्मरणशक्ती कमी होत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जास्तच जपा.

'फार हाल होतात' यापेक्षा 'आठवड्यातून दोनदा मिळणारी फिजिओथेरपी एकदाच मिळू लागली, आता काठीशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही' हे वाक्य जास्त काम करतं. आधी काय मिळत होतं, आता काय मिळतं आणि त्यामुळे काय थांबलं, एवढं लिहून घ्या. असे पाच-सहा अनुभव पुरे.

एकच मागणी ठरवा

इथे बऱ्याच मोहिमा विस्कटतात. निवेदनात बारा मागण्या असल्या की त्यातली सगळ्यात स्वस्त मागणी मान्य होते आणि बाकीच्या विसरल्या जातात. मुख्य मागणी एकच ठेवा आणि ती ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच न्या. नमुना असा :

'घरपोच शुश्रूषेची तरतूद दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष खर्चाइतकी करावी आणि त्यात महागाईची वाढ धरावी. रिक्त पदं भरण्याची तारीख लेखी कळवावी. सोबत चार वर्षांचे आकडे आणि सहा रुग्णांचे अनुभव जोडले आहेत.'

निवेदन एका पानात बसवा, अक्षर मोठं ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

युक्तिवादाला भक्कम आधारही आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा, आणि १७० हून अधिक देश त्याने बांधलेले आहेत. त्याच्या १२ व्या कलमात आरोग्याचा हक्क येतो. सन २००० मध्ये या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने स्पष्ट केलं की सरकारने मुद्दाम मागे पाऊल टाकलं, तर सगळ्या पर्यायांचा काळजीपूर्वक विचार केला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. म्हणून थेट विचारा : दुसरे कोणते पर्याय तपासले? त्याची टिपणी दाखवाल का?

वेळ साधा

अंदाजपत्रक सभागृहात मांडलं गेलं की बदलाला फार थोडी जागा उरते. खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होतात आणि खरं दार तिथे असतं. ते दार बंद झालं असेल तर लोकप्रतिनिधींना चर्चेत प्रश्न विचारायला सांगा, पुरवणी मागण्यांवर (वर्षाच्या मध्ये सरकार सभागृहाकडे मागतं तो जादा निधी) लक्ष ठेवा. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी पुढारी ज्येष्ठांच्या कार्यक्रमांना जातात, तेव्हा निवेदन हातात घेऊन तिथे जा.

ज्येष्ठांनाच बोलू द्या

शिष्टमंडळात किंवा सुनावणीला ज्येष्ठ व्यक्ती असलीच पाहिजे, आणि तिला नुसतं पुढच्या खुर्चीत बसवून भागत नाही. बसून बोलता येईल अशी सोय, हातात धरावा न लागणारा माइक, जवळ स्वच्छतागृह आणि सुरुवातीलाच बोलण्याची पाळी, हे आधी मागून घ्या. तीन तास ताटकळलेल्या माणसाचा आवाज शेवटी फुटतच नाही. ज्यांना येणं शक्य नाही त्यांचं म्हणणं दोन मिनिटांत रेकॉर्ड करून न्या.

परिचारिका आणि सेवक यांनाही बरोबर घ्या, मात्र त्यांची नोकरी धोक्यात येणार नाही अशा बेताने. ज्येष्ठ विरुद्ध लहान मुलं अशी भांडणं लावली जातात, त्यात पडू नका. दुसऱ्या खात्याचा निधी कापा असं कधी म्हणू नका.

पाठपुरावा

तोंडी आश्वासन मिळालं की त्याच दिवशी 'आपण असं म्हणालात' असं पत्र पाठवा. निधी मंजूर झाला तरी दर तिमाहीला किती खर्च झाला ते विचारा आणि केंद्रावर जाऊन पाहा : परिचारिका आली का, औषध मिळालं का, फिजिओथेरपी पुन्हा दोन दिवस झाली का. झाली नसेल तर जुनंच निवेदन, नवे आकडे जोडून, पुढच्या अंदाजपत्रकाचे प्रस्ताव तयार होण्याआधी पुन्हा द्या.