अल्ट्रासॉनिक यंत्रात कार्ब्युरेटर धुताना

पावसाळाभर सोसायटीच्या आवारात उभी राहिलेली जुनी स्कूटर सुरू होईना, तर दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, पायलट जेटमध्ये (मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी नळीत) असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि पेट्रोल सुकून उरलेला चिकट थर ते बुजवून टाकतो. अशा वेळी तार घालून छिद्र मोकळे करण्याचा मोह टाळावा, कारण पितळ मऊ असते. एकदा छिद्र मोठे झाले की इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते.

अल्ट्रासॉनिक यंत्रात, साधारण ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी, द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांच्या धक्क्याने मळ सुटतो. मात्र जिथे द्रव पोहोचत नाही तिथे हा धक्काही पोहोचत नाही. म्हणून कार्ब्युरेटर पूर्ण सोडवावा. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवावा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. डायफ्राम (रबरी पडदा), ओ-रिंग (रबरी कडी) आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) बाजूला काढावेत. रबर व प्लास्टिक यंत्रात घालू नये.

यंत्राच्या टाकीत पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल कधीही भरू नये. तापवलेल्या टाकीतून उठणाऱ्या वाफा पेट घेऊ शकतात, आणि दाटीच्या चाळीत किंवा बंद गाळ्यात त्याचा परिणाम शेजाऱ्यांनाही भोगावा लागेल. कॉस्टिक सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो. ॲल्युमिनियमला चालणारे सौम्य क्लीनर पाण्यात मिसळून ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि विरघळलेली हवा निघून जावी म्हणून यंत्र पाच-दहा मिनिटे भाग न घालता, नुसत्या द्रवावर चालवावे. भाग टाकीच्या तळावर न ठेवता जाळीच्या टोपलीत ठेवावेत. बुडवताना ते थोडे कलते धरावेत, म्हणजे आतल्या वाटांमध्ये हवा अडकून राहत नाही. दहा मिनिटांनी बाजू बदलून पुन्हा तेवढाच वेळ चालवणे बहुधा पुरते.

माझ्या मते मुंबईत खरी कसोटी यानंतरची आहे. भाग बाहेर काढताच स्वच्छ पाण्याने धुवावेत, कंप्रेसरच्या हवेने प्रत्येक वाट फुंकावी आणि जेट उजेडाकडे धरून छिद्र गोल व स्वच्छ दिसते का ते पाहावे. पावसाळ्याच्या दमट हवेत ओले पोलादी स्क्रू व स्प्रिंग लवकर गंजतात, म्हणून ते लगेच पुसून हलके तेल लावावे. उरलेल्या द्रवावर तरंगणारे तेल काढून वापरलेल्या ऑइलच्या डब्यात ठेवावे. तो द्रव रस्त्याकडेच्या गटारात ओतू नये, कारण तिथून तो नाल्यावाटे समुद्रात जातो. जोडणी करताना गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) नवे वापरावे आणि मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत बसवून लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतकाच सोडावा.