पापड झालेला स्पंज: कोलॅजनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझा पहिला कोलॅजनचा, म्हणजे कातडीतल्या धाग्यांच्या प्रथिनाचा, स्पंज सीनियरने बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर पापड झालाय." खरंच पापड होता. पिवळसर, कडक, कडेला वळलेला. व्हायला हवा होता पांढराशुभ्र आणि हलका, आंबोळीला पडते तशी आरपार जाळी पडलेला. तीन दिवस खपले होते मी त्यावर. पुढचे चार महिने मी लायोफिलायझरला, म्हणजे गोठवलेला माल वाळवणाऱ्या मशीनला, दोष देत होते, आणि निम्म्याहून जास्त वेळा चूक मशीन सुरू होण्याआधीच झालेली असायची.

ही जाळी कशासाठी हवी, ते आधी. भाजलेल्या रुग्णाची त्वचा खोलवर गेली की जखम आकसत बंद होते आणि तिथे व्रण उरतो. एमआयटीतले इओआनिस यानस आणि बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी गुरांच्या स्नायुरज्जूतलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट एकत्र करून सच्छिद्र थर बनवला, वर सिलिकॉनचा पातळ पडदा दिला. रुग्णांवरचे निकाल १९८१ मध्ये आले, अमेरिकेत एफडीएची मंजुरी १९९६ मध्ये मिळाली. रुग्णाच्या पेशी त्या जाळीत शिरतात, स्वतःचं कोलॅजन विणतात आणि मूळ जाळी हळूहळू विरघळून जाते. १९८९ मध्ये यानस यांच्या गटाने गिनी पिगच्या जखमांवर दाखवलं, की छिद्रं साधारण २० ते १२० मायक्रॉनच्या दरम्यान असली तर जखमेचं आकसणं चांगलंच लांबणीवर पडतं. छिद्रं फार बारीक झाली की पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी झाली की त्यांना धरायला पुरेशी भिंत उरत नाही. त्यामुळे गाईड 'पोअर साइझ किती?' असं रोज विचारतात तेव्हा चिडू नका.

कोलॅजन आणायचं कुठून, हा आपल्याकडे खरा पहिला प्रश्न. परदेशी शोधनिबंधांत 'बोवाइन टेंडन' (गुरांची स्नायुरज्जू) असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलांचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे स्थानिक पातळीवर तो मार्ग धरू नका. तयार, शुद्ध कोलॅजन विकत मिळतं, पण त्याच्या किमतीत माझ्या फेलोशिपचा बराच भाग गेला असता. आमच्याकडे दुसऱ्या विभागात परवानगीनिशी झालेल्या प्रयोगांतल्या उंदरांच्या शेपट्या मिळत. शेपटीतून पांढरे धागे ओढून काढायचे, ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवायचे. पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते, दहाव्या दिवशी गाणी ऐकत करत होते. नंतर रोहूच्या कातडीकडे वळले. मासळी बाजारातल्या मावशी आठवणीने कातडी बाजूला ठेवायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "याचं करतेस तरी काय बाई?" माशाच्या कोलॅजनची एक खोड मात्र लक्षात ठेवा: ज्या पाण्यात मासा वाढला, त्या पाण्याच्या तापमानाशी त्याच्या कोलॅजनची उष्णता सोसण्याची ताकद जुळलेली असते. थंड समुद्रातल्या कॉडचं कोलॅजन आपल्या खोलीच्या तापमानालाच उलगडून जिलेटिन होऊ शकतं. रोहूचं त्यामानाने बरंच टिकतं.

मिश्रण सोपं आहे. ०.०५ मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये अर्धा टक्का कोलॅजन, बर्फात भांडं बुडवून होमोजिनाइझ करायचं, म्हणजे ब्लेडने घुसळून एकजीव करायचं. ब्लेडची उष्णता हा छुपा शत्रू, म्हणून थांबत थांबत फिरवा. खळीसारखं दाट झालं की व्हॅक्युमखाली बुडबुडे काढा. हे मी कंटाळून टाळायची, आणि मग फोटोत मोठी गोल भोकं पाहून 'वा, काय सुंदर छिद्रं' असं वाटायचं. ते हवेचे बुडबुडे होते.

आता मुख्य गोष्ट. जाळी वाळवताना तयार होत नाही, गोठवताना तयार होते. पाणी गोठतं तेव्हा बर्फाचा स्फटिक कोलॅजनला आत घेत नाही, बाजूला ढकलतो. ढकललेलं कोलॅजन स्फटिकांच्या मधल्या फटींत दाटून भिंती होतात. नंतर बर्फ वाफ होऊन निघून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते, तेच छिद्र. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे, झटकन गोठवलं तर बारीक. मी मात्र ट्रे सरळ उणे ८० च्या फ्रीझरमध्ये टाकून घरी जायची. कडेला एक जाळी, मध्यभागी दुसरी, आणि एकाच स्पंजच्या दोन तुकड्यांवर पेशींचे निकाल जुळेनात. मग याच जाळ्यांवर काम करणारे संशोधक फर्गल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००४ चं काम वाचलं. त्यांनी मशीनमधल्या, ट्रे ठेवायच्या शेल्फचं तापमान मिनिटाला ०.९ अंश अशा एकसारख्या गतीने उणे ४० पर्यंत उतरवलं आणि जाळी सगळीकडे सारखी आली. पुढच्या कामात शेवटचं तापमान उणे ४० ठेवलं तर छिद्रं सरासरी ९६ मायक्रॉनच्या आसपास, आणि उणे १० ठेवलं तर १५० च्या आसपास, असं त्यांना मिळालं. शेल्फ असलेलं मशीन नसेल तर निदान ट्रे धातूचा, तळ सपाट आणि थर दर वेळी तेवढ्याच जाडीचा ठेवा. काचेच्या बशीतला आणि स्टीलच्या ट्रेमधला स्पंज सारखा येत नाही.

वाळवण्याबद्दल थोडक्यात. ६११ पास्कलच्या खाली दाब गेला की बर्फाला पाणी होण्याचा मार्गच उरत नाही, तो थेट वाफ होतो. आपण याच्याही बरंच खाली काम करतो. बर्फ उडताना स्वतःच थंड होतो, म्हणून शेल्फ शून्यावर असलं तरी आतला माल त्याहून बराच थंड असतो. माझा पापड झाला तो इथे. पुढचा नंबर दुसऱ्याचा होता, वरून स्पंज कोरडा दिसला, मी काढून घेतला. आत बर्फ होता. तो वितळला आणि पाण्याच्या ताणाने भिंती एकमेकींना चिकटल्या. फ्लास्क लावायचं साधं मशीन असेल तर फ्लास्कला बाहेरून हात लावा: गार लागला तर आत बर्फ आहे. मोठ्या मशीनवर पिरानी आणि कपॅसिटन्स ही दाब मोजणारी दोन्ही गेज असतील तर त्यांचे आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत थांबा, कारण वाफ असेपर्यंत पिरानी वाढीव आकडा दाखवतं. आणि पंपाचं तेल बदलत राहा. ॲसिटिक ॲसिडची थोडी वाफ कंडेन्सर (वाफ गोठवून धरणारा भाग) चुकवून पंपात जातेच. आमच्या लॅबमध्ये तेलाला लोणच्याचा वास यायला लागल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. रात्री वीज जाण्याचं तर विचारूच नका. यूपीएसवर मशीन नसेल तर शनिवारी रात्रीची रन लावू नका.

कोरडा स्पंज तसाच पेशी वाढवायच्या द्रवात टाकला तर विरघळत जातो, म्हणून क्रॉसलिंकिंग, म्हणजे कोलॅजनच्या साखळ्या एकमेकींना बांधणं. व्हॅक्युममध्ये १०५ अंशांवर २४ तास ही रसायनाशिवायची पद्धत, पण माल आधी पुरता कोरडा हवा, ओला राहिला तर जिलेटिन करून बसाल. ईडीसी या रसायनाने बंध जास्त पक्के होतात, पण त्यानंतर धुवावं लागतं आणि पुन्हा गोठवून वाळवावं लागतं. या दुसऱ्या गोठवण्यात नवे स्फटिक तुमची पहिली जाळी बिघडवतात. त्यामुळे छिद्रं दोन्ही टप्प्यांनंतर मोजा. मी पहिल्याच टप्प्याचे आकडे लिहिले होते आणि परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी स्पंज नव्या ब्लेडने कापा, बोथट ब्लेड भिंती चेंगरतं. वरचा पृष्ठभाग पाहून खूश होऊ नका, हवेच्या बाजूला बहुतेकदा दाट साय असते. आणि अर्धा टक्का मिश्रणातून, न आकसता निघालेला स्पंज ९९ टक्क्यांहून जास्त पोकळ असतो, हे गणित कोलॅजनची घनता १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरून स्वतः करून पाहा. तुमच्या मोजमापात ८० टक्के आले तर स्पंजची जाळी कुठेतरी खाली बसली आहे.

नोकरीचं म्हणाल तर फक्त स्पंजवर नोकऱ्या थोड्या आहेत. पण फ्रीझ-ड्रायिंग अंगवळणी पडलेला माणूस औषध कंपन्यांना हवा असतो. इंजेक्शनच्या कुप्यांत, पुण्यात बनणाऱ्या गोवराच्या लशीत हेच तंत्र आहे. माझ्या दोन मुलाखतींत कोलॅजनबद्दल एकही प्रश्न आला नाही, दाब आणि तापमानाच्या आलेखांवर मात्र तासभर गेला. वैद्यकीय उपकरणांकडे जायचं असेल तर २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, उपकरण शरीराला चालतं का ते तपासण्यासाठीचं आयएसओ १०९९३ आणि प्राण्यांच्या ऊतींसाठीचं आयएसओ २२४४२ यांची ओळख पहिल्याच वर्षी करून घ्या. निर्जंतुकीकरणाचा विचारही तेव्हाच करा. २५ किलोग्रेचा गॅमा किरणांचा डोस कोलॅजनच्या साखळ्या तोडतो, हे मला शेवटच्या वर्षी कळलं.

पावसाळ्यात तयार स्पंज उघड्यावर ठेवू नका. दुपारपर्यंत दमट होतो, संध्याकाळपर्यंत आकसतो. डेसिकेटरमधलं (माल कोरडा ठेवायच्या बंद भांड्यातलं) सिलिका जेल निळं, म्हणजे कोरडं, आहे ना, ते रोज पाहा, आणि डबीवर तारखेसोबत गोठवण्याची गती, ट्रे आणि थराची जाडीही लिहा. माझ्याकडे अजून अशा अकरा डबड्या आहेत, ज्यांच्यावर नुसतं 'चांगला' लिहिलंय.